वैशालीच्या उजव्या हाताला

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. आयुष्यभर पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. न पटणाऱ्यांसमोर धीर धरायची मला सवय आहे.

आणखी एक आधीच सांगते. हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलं. डोक्यावर ऊन असताना.

साल १९८१. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. ठिकाण, नवी मुंबईतलं वाशी.

मी सुनीती. वैशाली आणि स्मिता या माझ्या साताऱ्याच्या डी.एड. कॉलेजमधल्या मैत्रिणी. वैशाली आणि मी कोरेगावजवळच्या एका शाळेत शिक्षिका. स्मिता लग्न होऊन वाशीला गेली होती. तिचे यजमान सुधीरराव ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात होते.

"नाताळात या गं दोघी. मुंबई दाखवते," असं स्मिता दर पत्रात लिहायची. शेवटी आम्ही निघालो. शुक्रवार नाताळचा, शनिवारी किरकोळ रजा, रविवारी परत. राणीची बाग, म्युझियम, गेटवे, मत्स्यालय, सगळं ठरलं होतं.

वैशालीनं तर वर्गातल्या मुलांना कबूल केलं होतं की मी समुद्र आणते. त्यासाठी शाईची रिकामी दौत घासूनपुसून पर्समध्ये ठेवली होती.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही वाशीला उतरलो. वैशालीनं चारही बाजूंना पाहिलं. एकसारख्या पिवळ्या इमारती. मधे मोकळी मैदानं. मुरूम, खडी, बाभळी.

"स्मिते, तुझ्या मुंबईत मुंबई कुठंय गं?"

"अगं, पूल ओलांडला की मुंबई."

"मग पूल तरी दाखव बाई!"

आम्ही खूप हसलो. त्या प्रवासातलं तेच शेवटचं मोकळं हसू.

शुक्रवारी सकाळी आम्ही नटूनथटून बसलो. सुधीरराव रात्रपाळी करून येणार आणि आम्हाला घेऊन जाणार होते. ते आलेच नाहीत. शेजारच्यांच्या हाती निरोप आला. बदली माणूस आला नाही, डबल ड्यूटी पडली. माझ्याशिवाय निघू नका, चुकाल.

"चुकू दे की! चुकून तरी मुंबईत जाऊ," वैशाली चिडून म्हणाली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

स्मिताचं घर पहिल्या मजल्यावर होतं. गॅलरीसमोर मोठं मोकळं मैदान. भराव टाकून सपाट केलेलं. त्यापलीकडे लांबवर तिवरांची हिरवी रेघ, आणि तिच्यामागे खाडी.

दुपार होत आली होती. मी आत पेपर वाचत होते.

आणि मग तो आवाज आला…

चप्प…

थोड्या वेळानं पुन्हा…

चप्प…

ओलं काहीतरी ओल्यावर आपटल्यासारखा.

"कोण गं कपडे आपटतंय आत्ता?" मी विचारलं.

"आत्ता? नळाचं पाणी सकाळीच जातं. कोण धुणार?" स्मिता म्हणाली.

मी कान दिला. आवाज मैदानाच्या बाजूनं येत होता. आणि दुसरं काहीच येत नव्हतं. सकाळपासून कलकलाट करणारे कावळे गप्प होते. खालची पोरं, कुत्री… कोणाचाच आवाज नाही.

एवढ्यात गॅलरीतून वैशाली मोठ्यानं ओरडली.

"आले हो, आले!"

मी दचकून उठले. "कोणाला गं?"

"तो बघ ना, खाली ओरडतोय. 'खांड पडली, चला, खांड पडली' म्हणून. मदतीला बोलावतोय बिचारा."

मी वाकून पाहिलं.

मैदानात कोणी नव्हतं.

वैशालीनं तोवर पायांत चपलाही घातल्या होत्या. मी तिचा दंड धरला. तिनं पुन्हा खाली पाहिलं आणि गोंधळली. "आत्ता तर होता…"

इथं एक सांगायला हवं. वैशालीच्या वाडीत एक रीत होती. कोणाची गंजी पेटली, कोणी विहिरीत पडलं आणि हाक आली, की घराघरातून आधी "आलो" म्हणून ओरडायचं. मग घोंगडं, दोर, हाताला येईल ते घेऊन निघायचं. हाक मारणाऱ्याला धीर यावा म्हणून. तिच्या वडिलांनी लहानपणापासून तिला तेच शिकवलं होतं. तिनं विचार करून उत्तर दिलंच नव्हतं. ते आपसूक आलं.

दुपारनंतर वाशीगावातली रखमा सुके बोंबील घेऊन दारात आली. नेहमीची विकणारी. साठीची असेल. स्मिता बोंबील निवडत होती, तेव्हा वैशालीनं सहज विचारलं,

"मावशी, खांड म्हणजे काय हो?"

"खांड? बांधाला भगदाड परतं ती खांड." रखमा टोपलीवरचं फडकं सारत म्हणाली. "पयले इथं समदी शेती नि मिठागरं व्हती. खारीचं पानी आत येव नये म्हनून बांध. उधानाच्या भरतीला बांध फुटला का एक जन हाक मारी. मंग बाया-बापे समदे धावत. लाईन लावून चिखलाचे गोले हातोहात द्यायचे. खांड भरंपरयंत कोनी हलायचा नाय. मधी एक जागा रिकामी ऱ्हायली, का समदा पानी आत."

"म्हणजे आमच्याकडे आग लागल्यावर बादल्या देतात तसं," वैशाली म्हणाली.

"तसाच. जो 'आलो' म्हनला त्याची जागा धरतात लाईनीत."

"पण आता कुठे बांध आहे?" मी विचारलं.

"आता कंचा बांध, बाय? त्याच्यावरच तर तुमचा मुरूम परलाय." मग ती थांबली. "पन तुमाला कोनी सांगला खांड?"

"दुपारी कोणीतरी ओरडत होतं. मी म्हटलं, आले."

रखमाचा हात टोपलीतच थांबला.

"ओ दिलीस?"

वैशाली हसली. "दिली. का हो?"

रखमानं टोपली उचलली. निवडलेले बोंबील स्मिताच्या ताटात तसेच राहिले.

"उद्या अवस हाय. बाय, पाहुन्यांना घेऊन सकालीच जा. लांब जा, पार त्यांच्या गावाला."

"अहो, पण झालं काय? नीट सांगा ना!"

ती जिना उतरून गेलीसुद्धा.

मला फार राग आला. लहान मूलही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. या बाईनं अर्धं बोलून आमच्या जिवाला घोर लावला होता. वैशाली मात्र स्मिताला टोमणे मारत राहिली. "बघ, तुझी बोंबीलवालीसुद्धा आम्हाला हाकलतेय. मुंबई काही आमच्या नशिबात नाही."

शनिवारी सकाळी सुधीरराव पुन्हा रात्रपाळी करून आले ते तांबारलेल्या डोळ्यांनी. "दोनच तास पडतो, मग निघू," म्हणाले. दोनाचे चार झाले. आम्ही पुन्हा नटून बसलेल्या. वैशाली मुद्दाम भांडी आपटत होती. आम्ही खाली उतरलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायला आला होता.

स्टॉपवर भलीमोठी रांग. बस येत नव्हती. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. सुधीररावांनी तीनदा सांगितलं, "येईल हं आता."

आणि मग एकदाची वळणावर बस दिसली.

"वैशाली, आली बघ बस!" मी मागे वळले.

वैशाली नव्हती.

तिच्या चपला होत्या. रांगेत, तिच्या जागेवर… जोडून, नीट ठेवलेल्या.

नंबर धरून ठेवायला माणसं ठेवतात ना, तशा.

मागच्या गृहस्थांनी बोट दाखवलं. "त्या बाई? तिकडे मैदानात गेल्या. आत्ताच. काहीतरी 'आले, आले' म्हणत."

मी धावले. मागून सुधीरराव ओरडत होते, "अहो सुनीतीताई, बस सुटेल!"

मैदानाच्या मधोमध वैशाली उभी होती. नवीन जांभळी साडी, केसांत अबोली. पाय फाकवून रोवलेले. ती डावीकडे वळत होती, दोन्ही हात पुढे करत होती… काहीतरी घेत होती. मग कमरेतून उजवीकडे वळून ते पुढे देत होती.

तिच्या हातात काही नव्हतं.

पण घेताना तिचे हात वजनानं खाली जात होते. देताना मोकळे होऊन वर येत होते.

डावीकडे… उजवीकडे…

आणि प्रत्येक वेळी, दूर कुठेतरी…

चप्प…

"वैशाली!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती पूर्ण शुद्धीत होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"बस गेली का गं?" तिनं विचारलं. हात चालूच.

"बस मरू दे. चल आधी."

"मला सुटता येत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. "मधे जागा रिकामी राहील ना, सुनीती. खूप माणसं आहेत गं. दमलीत सगळी."

"कुठं आहेत?"

तिनं मान हलवली. डावीकडे, तिवरांपर्यंत. उजवीकडे, इमारतींपर्यंत.

मी तिला कमरेला धरून ओढलं. वैशाली माझ्याहून बारीक. पण पुरलेल्या खांबाला ओढावं तसं झालं. स्मिता आणि सुधीरराव आले. तिघांनी जोर लावला. ती तसूभरही हलली नाही. स्मिता रडायला लागली. सुधीरराव डॉक्टर आणायला पळाले.

वर्गात एखादं मूल हट्टाला पेटलं की मी त्याच्यासमोर जाऊन बसते आणि शांतपणे बोलते. तेच करायचं ठरवलं. तिनं उजवीकडे वळूच नये म्हणून मी तिच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले.

"वैशाली, माझ्याकडे बघ. आता हात खाली…"

ती वळली, आणि तिनं माझ्या हातांत काहीतरी ठेवलं.

मला दिसलं काहीच नाही.

पण हात खाली गेले. पाच-सहा किलोंचा, बर्फासारखा गार, बुळबुळीत गोळा. खाऱ्या चिखलाचा वास नाकात शिरला.

मी तो टाकणार होते. खरंच टाकणार होते.

पण माझ्या उजवीकडून कोणीतरी तो माझ्या हातांतून अलगद घेतला.

बोटं लागली मला त्याची. खरखरीत… भेगाळलेली… ओली.

त्यानंतर मी किती वेळ तिथं होते, मला सांगता येणार नाही. घेत होते आणि देत होते. थांबावंसं वाटत होतं, पण पुढचा गोळा आलेला असायचा. माझ्यामुळे कोणाचा तरी हात रिकामा राहील, एवढंच डोक्यात होतं. आजूबाजूला धापा ऐकू येत होत्या.

मग एकाएकी तो आवाज थांबला.

कावळे ओरडायला लागले. आम्ही दोघी मटकन खाली बसलो. खाडीला ओहोटी लागली होती, हे मला पुढे खूप वर्षांनी कळलं.

स्मिता समोर उभी होती, पांढरीफटक. "तुम्ही दोघी काय करत होतात?" एवढंच ती विचारत राहिली. तिला फक्त आम्ही दोघी दिसलो होतो.

जमीन कोरडी ठणठणीत. मुरमाची धूळ उडत होती.

आमच्या साड्या मात्र गुडघ्यापर्यंत भिजलेल्या होत्या. वाळल्यावर त्यांच्यावर मिठाची पांढरी रेघ उठली.

रविवारी आम्ही सकाळीच हमरस्त्यावर येऊन उभ्या राहिलो. सातारची एसटी भरून यायची आणि न थांबता जायची. एक गेली, दुसरी गेली. माझा जीव टांगणीला लागला होता. ऊन चढायच्या आत या गावातून निघायचं, एवढंच मला हवं होतं. तिसऱ्या गाडीत कशीबशी जागा मिळाली. वैशाली खिडकीशी. मी तिच्या उजव्या हाताला.

खंडाळ्याचा घाट चढताना वैशाली खिडकीकडे वळली.

काचेबाहेर नुसती दरी होती.

तिनं त्या बाजूला दोन्ही हात पुढे केले… आणि ते वजनानं खाली गेले.

"बाई, काय चाललंय? नीट बसा की!" कंडक्टर खेकसला. पुढची माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी हसलं.

माझेही हात आपोआप उचलले जात होते. तिच्या दिशेनं.

तेव्हा वैशाली माझ्या कानाशी आली. तिच्या कपाळावर घाम होता.

"सुनीती, तू घेऊ नकोस. हात बांधून बस. ओ मी दिली होती, तू नाही."

"मग तू काय करशील?"

"मी बघते. तू घेतलंस तर दोघी अडकू. माझी शपथ आहे तुला."

मी हात मांडीखाली दाबून बसले. पुणे येईपर्यंत. हात जड होत होते. पण मी उचलले नाहीत.

त्यानंतर दर अवसेला आणि पुनवेला, दुपारच्या सुमाराला, वैशालीचे हात चालायला लागायचे. कोरेगावात! जिथून समुद्र शंभर मैलांवर. डॉक्टर म्हणाले नसांचा विकार. दुसरे म्हणाले मनाचा. देवऋषी झाला, दत्ताच्या वाडीला जाऊन आलो. प्रत्येकानं काहीतरी वेगळं सांगितलं आणि कशाचाच उपयोग झाला नाही. त्या दिवशी ती रजा टाकायची आणि मला जवळ येऊ द्यायची नाही. वर्गातली मुलं तिची नक्कल करायची. मी त्यांना कधी रागावले नाही. त्यांना काय कळणार? पण पुन्हा कधी मी मुलांना रांगेत उभं करून विटा किंवा पाटीदप्तरं हातोहात द्यायला लावली नाहीत.

शाईची दौत रिकामीच राहिली.

तीन-चार वर्षांनी मी एकटीच वाशीला गेले. मैदानावर इमारत उभी होती. सोसायटीचा बोर्ड, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. रखमाला शोधून काढलं. तिच्या अंगणात बसले आणि म्हटलं, आता तरी पूर्ण सांगा. ही सुटणार कधी?

रखमानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"खांड भरली का सुटतात, बाय."

"मग भरेल की कधीतरी!"

"बांधच नाय ऱ्हायला. मंग खांड भरनार कुठं?"

मी परत आले. वैशालीला खोटंच सांगितलं, रखमा भेटली नाही म्हणून.

मी तिला दरवेळी विचारायचे, "फार त्रास होतो का गं?" ती म्हणायची, "छे! सवय झाली." मी पुढे साताऱ्याला राहायला गेले. दोघीही निवृत्त झालो. माझेही हात त्या दुपारी जड व्हायचे. मी ते पदरात गुंडाळून बसायचे. शपथ घातली होती ना तिनं.

गेल्या अवसेला तिच्या यजमानांचा, नंदकुमाररावांचा फोन आला. एरवी ते फारसं बोलत नाहीत.

"सुनीतीताई, एक विचारायचं होतं. ही कधी उजवीकडे वळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"म्हणजे?"

"डावीकडून घेते आणि समोर खाली ठेवते. इतकी वर्षं असंच. मला वाटायचं आजारच तसा आहे. पण आता तिला श्वास घेता येत नाही हो त्या वेळी. मान वर करून बसते. आज खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ढीग झालाय. आधी पायाशी होता, मग गुडघ्याशी. आता गळ्याशी आलाय."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"पुढे का देत नाहीस, म्हटलं मी. तर म्हणते, पुढे सुनीती आहे."

चाळीस वर्षं. आणि दरवेळी मला म्हणत होती, सवय झाली.

मला तिचा इतका राग आला की रडूही येईना.

उद्या पौर्णिमा आहे. सकाळच्या एसटीनं मी कोरेगावला चाललेय. तिच्या उजव्या हाताला बसणार. ती शपथ मोडणार. तिच्याजवळ साठलेलं सगळं घेणार, माझ्या हातांत जोर आहे तोवर.

त्याची मला भीती वाटत नाही.

पण आज दुपारपासून माझ्या उजव्या तळहाताला काहीतरी लागतंय. मी हात पुसते, पुन्हा लागतं…

खरखरीत… भेगाळलेलं… ओलं.

माझ्या उजवीकडेही कोणीतरी आहे. इतकी वर्षं रिकामे हात पुढे करून, माझी वाट बघत उभं.